मुलगी प्रो व्हायला नाही म्हणते

वाचकाचं पत्र:

"माझी मुलगी वीस वर्षांची आहे. आठव्या वर्षापासून गोल्फ खेळते. ज्युनिअर गटात भरपूर जिंकली, आता कॉलेजच्या संघात पहिल्या क्रमांकावर आहे, हँडिकॅप प्लसमध्ये आहे, म्हणजे मैदानासाठी ठरलेल्या फटक्यांहूनही कमी फटक्यांत खेळायची कुवत आहे. पदवीला दीड वर्ष उरलंय. त्यानंतर तिनं व्यावसायिक टूरच्या पात्रता स्पर्धेत उतरायचं, असं आमचं सगळ्यांचं ठरलेलं होतं. गेल्या महिन्यात तिनं सांगून टाकलं, 'मला प्रो व्हायचं नाही. गोल्फ सोडणार नाही, पण प्रो होणार नाही.' तिचे प्रशिक्षक हादरलेत. क्लबात लोक विचारतात. बारा वर्षं आम्ही सुट्ट्या, बचत, शनिवार-रविवार सगळं या खेळात घातलं. एवढी गुणी मुलगी शेवटी हौशीच राहणार? तिची आई म्हणते, तिच्यावर सोडा. मला मात्र झोप लागत नाही. ती चूक करतेय हे तिला कसं समजावू?"

— एक वडील

नमस्कार,

तुमचं मूळ पत्र बरंच लांब आहे, इथे ते आवरून छापलंय. पण त्या लांब पत्रातही तुमच्या मुलीचं म्हणून एवढंच आहे: प्रो होणार नाही, गोल्फ सोडणार नाही. बाकी सगळं प्रशिक्षक काय म्हणाले, क्लबातले लोक काय म्हणाले, तुमच्या जिवाची कशी घालमेल झाली. ती असं का म्हणाली, हे कुठेच नाही. मला शंका आहे की तुम्ही तिला नीट विचारलेलंच नाही. विचारलं असेल तर ते 'का पण?' अशा सुरात, ज्याला उत्तर देण्यापेक्षा माणूस उठून आपल्या खोलीत जाणं पसंत करतो.

म्हणून तिला कसं समजावायचं ते मी सांगत नाही. तिचं काय चाललंय ते आधी तुम्हाला समजायला हवं. नाही म्हणण्याच्या तऱ्हा असतात, आणि बायकांच्या गोल्फमध्ये त्यातल्या प्रत्येक तऱ्हेची एकेक मातब्बर खेळाडू होऊन गेली आहे.

सुरुवात स्वीडनच्या ॲनिका सोरेनस्टॅमपासून करू. एलपीजीए या महिलांच्या मुख्य व्यावसायिक टूरवर ७२ विजेतेपदं, त्यातली १० मेजर, म्हणजे सगळ्यात मानाच्या स्पर्धांतली. २००१ मध्ये एका फेरीत, म्हणजे अठरा होलांत, फक्त ५९ फटके, जे त्या टूरवर आजही दुसऱ्या कुणाच्या नावावर नाहीत. ही बाई लहानपणी मुद्दाम हरायची. शेवटी शेवटी हातातले पट, म्हणजे होलभोवतीच्या ग्रीनवरून चेंडू आत ढकलायचे फटके, सोडून द्यायची आणि दुसरी यायची. कारण काय, तर पहिल्या आलेल्या मुलीला बक्षीस समारंभात उभं राहून चार शब्द बोलावे लागत, आणि लाजाळू ॲनिकाला त्या चार शब्दांचीच धडकी भरायची. ही गोष्ट तिनं स्वतःच पुढे अनेकदा सांगितली आहे. मोठ्यांच्या ते लक्षात आलं तेव्हा त्यांनी तिला जिंकण्याचं महत्त्व वगैरे समजावत बसण्याऐवजी नियमच बदलला: दुसऱ्या आलेल्या मुलीनंही भाषण करायचं. मग काय, हरण्यात काही फायदाच उरला नाही.

तुमच्या मुलीचं 'नाही' या जातीचं असू शकतं. प्रो होणं तिला नको असेलच असं नाही. त्याला चिकटलेलं काहीतरी नको असेल. दर आठवड्याला नव्या गावात एकटीनं राहायचं, ओळखीचं कुणी नाही, हे नको असेल. कॅमेऱ्यासमोर बोलणं नको असेल. नाहीतर हरल्यावर तुमचा चेहरा बघणं नको असेल. हे शेवटचं लिहिताना मी थोडी थांबले, पण लिहून टाकते. 'बारा वर्षं आम्ही घातली' हे तुम्ही मला दोन ओळींत लिहिलंत. घरात ते किती वेळा, कुठल्या निमित्तानं बोललं जातं, याचा विचार करा. पहिल्याच स्पर्धेपासून आईबापाचं देणं फेडायला खेळायचंय असं ज्या मुलीला वाटतं, ती सुरुवातच करायला घाबरते. तसं असेल तर त्याचं औषध तुमच्याकडेच आहे.

दुसरी तऱ्हा 'आत्ता नको' ही. इथे अमेरिकेची जोॲन कार्नर, माहेरची गंडरसन. १९५७ ते १९६८ या काळात तिनं अमेरिकेची हौशी महिला स्पर्धा पाच वेळा जिंकली. तिच्या पुढे फक्त ग्लेना कॉलेट व्हेअर, सहा वेळा. १९६९ मध्ये तर जोॲननं हौशी असतानाच मायामीत एलपीजीएची स्पर्धा मारली. बक्षिसाचा पैसा अर्थातच तिला घेता आला नाही. त्यानंतर एलपीजीएवर हौशी खेळाडूनं जिंकायला ४३ वर्षं जावी लागली. २०१२ मध्ये कॅनडात पंधरा वर्षांच्या लिडिया कोनं ते केलं. आणि एवढं सगळं करून जोॲन प्रो झाली ती १९७० मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी. पुढच्याच वर्षी यूएस विमेन्स ओपन जिंकली, १९७६ मध्ये पुन्हा. मायामीची ती धरून एकूण ४३ विजेतेपदं, त्यातलं शेवटचं वयाच्या ४६ व्या वर्षी. २०१८ मध्ये ज्येष्ठ महिलांची यूएस ओपन पहिल्यांदा भरली, तेव्हा ७९ वर्षांच्या या बाईंनी पहिल्या फेरीत बरोबर ७९ फटके घेतले. वयाइतके फटके म्हणजे काय, हे गोल्फ खेळणाऱ्याला सांगायला नको.

तुम्ही म्हणाल, तो काळ वेगळा होता. होता. तेव्हा महिलांच्या टूरवर पैसाच फारसा नव्हता, त्यामुळे प्रो होण्याची घाई पुष्कळजणींना नसायची. आज टूरवर विशीतल्या मुलींची रीघ आहे, कोरिया, जपान, थायलंडमधून दरवर्षी नव्या येतात, आणि तिशीत उतरून कार्नरसारखं राज्य करणं फार अवघड आहे. हे मी कबूल करते. पण वीस आणि तीस यांच्या मध्ये दहा वर्षं असतात. तुमच्या पत्रात मात्र दीड वर्षानंतर दरवाजा कायमचा बंद होणार असल्यासारखी भाषा आहे.

आता मला ज्या दोघींबद्दल तुम्हाला खरं सांगायचंय, त्या अगदी अलीकडच्या आहेत. रेचल हेक आणि रोझ झँग. दोघी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या, एकाच संघातल्या. अमेरिकेतल्या कॉलेज गोल्फची वैयक्तिक अजिंक्यपदाची स्पर्धा हेकनं २०२१ मध्ये, पहिल्याच वर्षाला असताना जिंकली. पुढची दोन वर्षं झँगनं. ती स्पर्धा दोनदा जिंकणारी झँग ही पहिलीच महिला.

झँगनं २०२३ मध्ये ऑगस्टा नॅशनलची हौशी महिला स्पर्धा जिंकली, जूनमध्ये प्रो म्हणून पहिल्यांदा उतरली आणि तीच स्पर्धा जिंकली. प्रो झाल्यावर पदार्पणातच एलपीजीए जिंकण्याची गोष्ट त्याआधी १९५१ मध्ये बेव्हर्ली हॅन्सननं केली होती. मध्ये ७२ वर्षं कुणालाच जमलं नव्हतं. आणि हे चालू असताना झँगनं विद्यापीठही सोडलं नाही, टूर सांभाळून वर्गात बसत राहिली.

हेकला मधल्या काळात दुखापतींनी गाठलं. तरी ती कर्टिस कपच्या, म्हणजे ब्रिटन-आयर्लंडविरुद्ध खेळणाऱ्या अमेरिकेच्या हौशी महिलांच्या, संघात होती, स्टॅनफर्डच्या विजेत्या संघातही होती. २०२४ मध्ये पदवी हातात यायच्या आधी तिनं जाहीर केलं की ती प्रो होणार नाही. अमेरिकेच्या हवाई दलात अधिकारी होणार, अर्थक्षेत्रात नोकरी करणार, आणि गोल्फ खेळत राहणार. विद्यापीठात असल्यापासून ती हवाई दलाचं प्रशिक्षण घेतच होती, त्यामुळे हा निर्णय एका रात्रीत आलेला नव्हता. तिनं त्यावर जाहीर लेख लिहिला. तो शांतपणे, सगळा हिशेब करून लिहिलेला आहे. रागावलेला, दमलेला असा कुठेच नाही.

एक संघ, एक मैदान, एक प्रशिक्षक, दोघीही देशात पहिल्या आलेल्या. यातली कुठली चुकली? मला विचाराल तर दोघींना स्वतःबद्दल जे माहीत होतं ते बरोबर होतं. हेकला खेळ येत नव्हता म्हणून ती थांबली, असं तिच्याबद्दल तुम्हीही म्हणू शकणार नाही. मग स्वतःच्या मुलीबद्दल 'गुण वाया चालले' हे इतक्या सहज कसं सुचतं?

तिसरी तऱ्हा कायमच्या नकाराची, आणि तुमची झोप उडालीय ती यामुळेच. तेव्हा १९६७ ची यूएस विमेन्स ओपन बघा. व्हर्जिनियातलं हॉट स्प्रिंग्ज, मैदानात त्या काळातल्या सगळ्या नावाजलेल्या प्रो बायका, आणि जिंकली २२ वर्षांची फ्रेंच हौशी खेळाडू, कॅथरिन लाकोस्त. ती स्पर्धा जिंकणारी आजतागायत एकमेव हौशी खेळाडू. दोन वर्षांनी, १९६९ मध्ये, तिनं ब्रिटनची आणि अमेरिकेची, दोन्ही हौशी अजिंक्यपदं एकाच वर्षात घेतली. आणि प्रो कधीच झाली नाही. तिचे वडील रने लाकोस्त टेनिसमधले विजेते. आई सिमोन हिनं १९२७ मध्ये ब्रिटनची तीच हौशी स्पर्धा जिंकली होती, जी ४२ वर्षांनी लेकीनं जिंकली. अव्वल खेळ काय असतो हे त्या घराला कुणी शिकवायची गरज नव्हती, आणि त्या घरातल्या मुलीनं हौशी राहणं पसंत केलं.

कॅरल सेम्पल थॉम्पसनचं नाव तुम्ही बहुधा ऐकलेलं नसेल, कारण तिनं कधी पैशासाठी खेळून मथळे मिळवले नाहीत. आयुष्यभर हौशी. १९७३ मध्ये अमेरिकेची हौशी स्पर्धा, १९७४ मध्ये ब्रिटनची. त्यानंतर चाळिशीत आणि पन्नाशीत वेगवेगळ्या वयोगटांतली अजिंक्यपदं, अमेरिकी गोल्फ संघटनेची अशी एकूण सात. कर्टिस कपमध्ये खेळाडू म्हणून बारा वेळा, जो विक्रम आहे. २००२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या फॉक्स चॅपलला तिचं वय ५३. अठराव्या ग्रीनवर २७ फुटांचा पट उरलेला, आणि कपचा निकाल त्यावर. तिनं तो घातला. लोक तिला पुढे वर्ल्ड गोल्फ हॉल ऑफ फेममध्ये घेऊन गेले. तिची कारकीर्द 'शेवटी हौशीच राहिली' या तीन शब्दांत बसते का, ते तुम्हीच ठरवा.

आणि ती वर उल्लेखलेली ग्लेना कॉलेट व्हेअर. तीही कधी प्रो झाली नाही. आज एलपीजीए टूरवर हंगामात सर्वांत कमी सरासरी फटके घेणाऱ्या खेळाडूला जी ट्रॉफी देतात, ती तिच्याच नावाची आहे. जगातल्या सगळ्यात तगड्या प्रो बायका दरवर्षी एका हौशी बाईच्या नावाच्या बक्षिसासाठी झगडतात. मला याची फार गंमत वाटते.

इथे एक गोष्ट झाकून ठेवली तर अप्रामाणिकपणा होईल. आयुष्यभर हौशी राहणं पूर्वी ज्यांना परवडलं, त्यातल्या पुष्कळजणींच्या घरी पैशाची ददात नव्हती. ज्यांना ते परवडत नव्हतं त्यांचे हाल झाले. बेब डिड्रिक्सननं १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये ॲथलेटिक्सची दोन सुवर्णपदकं घेतली होती, मग ती गोल्फकडे वळली. पण १९३५ मध्ये अमेरिकी गोल्फ संघटनेनं तिला व्यावसायिक ठरवून हौशी स्पर्धांतून बाहेर काढलं. तो दर्जा परत मिळवायला १९४३ उजाडलं. मग तिनं १९४६ मध्ये अमेरिकेची आणि १९४७ मध्ये ब्रिटनची हौशी स्पर्धा जिंकून दाखवली आणि नंतर स्वतःच्या मर्जीनं प्रो झाली. इंग्लंडची जॉइस वेदरेड, ब्रिटनची हौशी स्पर्धा चार वेळा जिंकलेली, त्या काळातला थोर गोल्फर बॉबी जोन्स यानं जिची तोंड भरून स्तुती केली ती. तिनं लंडनच्या एका दुकानात गोल्फ विभागाची नोकरी धरली एवढ्यावर तिचा हौशी दर्जा गेला.

ते दिवस संपले. जानेवारी २०२२ पासून हौशी दर्जाचे नियम बदलले. आता हौशी खेळाडू प्रायोजक घेऊ शकते, टोपीवर कंपनीचं नाव लावू शकते, स्वतःच्या नावावर कमावू शकते. बक्षिसाच्या रकमेला मर्यादा आहे, १००० डॉलरची, आणि त्यापेक्षा जास्त बक्षिसाचा पैसा घेता येत नाही. म्हणजे तुमच्या मुलीला हौशी राहून खेळाचा थोडाफार खर्च भागवता येईल. तुमची बचत त्यात पुन्हा घालायची गरज नाही.

शिवाय व्यावसायिक स्पर्धा खेळायला प्रो असावं लागत नाही. यूएस विमेन्स ओपनची पात्रता फेरी हौशींना खुली आहे, टूरच्या स्पर्धांमध्ये निमंत्रणावरून हौशी खेळतात. एलपीजीएनं तर अव्वल हौशी मुलींसाठी गुणांवर टूरचं सदस्यत्व मिळवायची वाटच काढली आहे. इंग्लंडची लॉटी वोड त्या वाटेनं आलेली पहिली. २०२५ च्या जुलैमध्ये तिनं हौशी म्हणून आयरिश ओपन जिंकली, लगेच एव्हियाँच्या मेजरमध्ये तिसऱ्या स्थानावर आली, तिथला पैसा सोडला, आणि त्याच महिन्यात प्रो होऊन पहिलीच स्पर्धा जिंकली. हे मुद्दाम सांगतेय, कारण 'आत्ता प्रो झाली नाही तर संधी गेली' हे तुमच्या डोक्यात कुणी घातलंय ते मला माहीत नाही, पण ते जुनं झालंय.

आता प्रो आयुष्याबद्दल. तुमच्या डोळ्यांसमोर रविवारी संध्याकाळचा चषक आहे. २०२४ ची यूएस विमेन्स ओपन जिंकणाऱ्या युका सासोला २४ लाख डॉलर मिळाले, ते खरंच आहे. त्याच स्पर्धेचा पहिला दिवस, गुरुवार, बघा. जागतिक क्रमवारीत पहिली असलेली नेली कोर्डा, आधीच्या सातपैकी सहा स्पर्धा जिंकून आलेली. तिची सुरुवात दहाव्या होलवरून होती. तिसरंच होल खेळायला उभी राहिली, होल नंबर बारा, पार तीन, म्हणजे तीन फटक्यांत संपवायचं. पहिला फटका ग्रीनच्या मागच्या बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात. तिथून चेंडू निघाला तो उतारावरून घरंगळत पाण्यात. मग आणखी एक पाण्यात, मग आणखी एक. दहा फटके, एका पार तीनवर. त्या दिवशी ८० घेतले आणि शुक्रवारी कट, म्हणजे दोन दिवसांनंतरची चाळणी, हुकून ती घरी गेली. जी वर्षभरात सात स्पर्धा जिंकली तिचा हा आठवडा आहे. ज्या मुली क्रमवारीत शंभराच्या पुढे आहेत त्यांचे आठवडे कसे जात असतील?

टूरच्या साध्या स्पर्धेत पहिल्या दोन दिवसांनंतर साधारण निम्म्या मुली कटमध्ये गळतात, आणि सहसा त्यांच्या हाती काही पडत नाही. विमानाचं तिकीट, राहणं, कॅडीचा, म्हणजे बॅग वाहून सल्ला देणाऱ्या मदतनिसाचा, आठवड्याचा मेहनताना हे मात्र द्यावंच लागतं. सोरेनस्टॅमसुद्धा पहिल्या प्रयत्नात एलपीजीएच्या कार्डाला, म्हणजे टूरवर खेळायच्या परवान्याला, एका फटक्यानं मुकली होती. १९९३ चं वर्ष तिनं युरोपच्या टूरवर काढलं आणि १९९५ मध्ये एलपीजीएवरचं तिचं पहिलं विजेतेपद म्हणून थेट यूएस विमेन्स ओपन घेतली. कॅथी व्हिटवर्थ १९५८ च्या अखेरीस, एकोणिसाव्या वर्षी प्रो झाली. पहिला विजय १९६२ मध्ये. मधली वर्षं नुसतं हरणं. पुढे तिनं ८८ स्पर्धा जिंकल्या, एलपीजीएवर तेवढ्या कुणीच जिंकलेल्या नाहीत. ती मधली वर्षं ती काढू शकली कारण तिला ते आयुष्य हवं होतं. हवं नसताना ती वर्षं काढणं म्हणजे शिक्षा, आणि ती शिक्षा तुम्ही वीस वर्षांच्या मुलीला द्यायला निघाला आहात.

ज्या लवकर प्रो झाल्या त्यांचंही सरळ नाही. मिशेल वी सोळावं लागायच्या सहा दिवस आधी प्रो झाली, मोठमोठे करार झाले, मग मनगटाच्या दुखापती, जगभरची टीका. स्टॅनफर्डमध्ये शिकली, पण प्रो असल्यामुळे कॉलेजच्या संघातून तिला खेळता आलं नाही. मेजर जिंकायला २०१४ उजाडलं. मेक्सिकोची लोरेना ओचोआ जगात पहिल्या क्रमांकावर असताना, २७ स्पर्धा जिंकून, २८ व्या वर्षी निघून गेली. तिला संसार आणि मुलांसाठीचं तिचं काम हवं होतं. लिडिया को सतराव्या वर्षी जगात पहिली झाली, आणि नंतर तिलाही तीन वर्षं एकही स्पर्धा जिंकता आली नाही. २०२४ मध्ये पॅरिसचं सुवर्ण आणि सेंट अँड्र्यूजला मेजर मिळवून ती पुन्हा वर आली. म्हणजे 'हो' म्हटल्यावरही हा प्रश्न दर दोन-चार वर्षांनी पुन्हा समोर येऊन बसतोच.

गोल्फमध्ये खेळाडू असण्यापलीकडेही पोट भरतं, हे जाता जाता. एलपीजीएचा शिकवणाऱ्या व्यावसायिकांचा स्वतंत्र विभाग १९५९ पासून आहे. जूडी रँकिन २६ स्पर्धा जिंकून नंतर टीव्हीवर समालोचक झाली. सूझी व्हेली २०१८ मध्ये पीजीए ऑफ अमेरिका या गोल्फ व्यावसायिकांच्या संघटनेची पहिली महिला अध्यक्ष झाली. मैदानांची आखणी, प्रशासन, क्रीडावैद्यक, बरंच आहे. पण तुमच्या मुलीनं हे मागितलेलं नाही, तेव्हा ही यादी लगेच तिच्यापुढे धरू नका.

मग तुम्ही करायचं काय?

तिच्याशी बोला, पण घरात नको, आणि प्रशिक्षकांना बरोबर घेऊन तर मुळीच नको. नऊ होल खेळायला जा दोघं. 'का?' विचारू नका. विचारा, 'प्रो होण्यातलं सगळ्यात नकोसं काय वाटतं?' आणि मग, 'सगळ्यात हवंसं काय वाटतं?' दुसऱ्या प्रश्नाला ती चटकन बोलू लागली, तर समजा की नकार पहिल्या किंवा दुसऱ्या तऱ्हेचा आहे, त्यात वाट निघू शकते. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग 'काहीच नाही' म्हणाली, तर तुम्हाला उत्तर मिळालं. त्यानंतर तो विषय बंद. दर महिन्याला नव्या शब्दांत उघडायचा नाही.

तुमच्या लांब पत्रातलं एक म्हणणं मात्र मला पटतं, आणि ते तिला सांगायचा तुम्हाला हक्क आहे. न बघता नाही म्हणू नये. उरलेल्या दीड वर्षात तिनं एखाद-दोन व्यावसायिक स्पर्धा हौशी म्हणून खेळून बघाव्यात, पात्रता फेरीतून किंवा निमंत्रण मिळालं तर. सोमवारचा सराव, प्रो आणि हौशी एकत्र खेळतात तो प्रो-ॲम, गुरुवारची सकाळ, शुक्रवारी कटच्या रेषेवरची धडधड, हे तिला आतून कळेल, आणि तिचा दर्जाही शाबूत राहील. ही विनंती एकदाच करा. ती नको म्हणाली तर नको.

पैशाचं. जो पैसा गेला तो एका मुलीला बारा वर्षं मनापासून खेळता यावं म्हणून गेला, आणि ती खेळली. हे तिला तोंडानं सांगा. 'ते तुझ्यावर कर्ज नाही' हे शब्द वापरा, नुसता समजूतदार चेहरा करून भागणार नाही. सोपं नाही हे मला माहीत आहे. तुम्ही सोडलेल्या सुट्ट्या खऱ्या आहेत, आणि त्यांचा मोबदला मिळायला हवा असं वाटणंही खोटं नाही. ते तिच्या आईजवळ बोला, माझ्याकडे पुन्हा लिहा, पण तिच्याजवळ नको.

टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये अदिती अशोकचं पदक एका फटक्यानं हुकलं, तेव्हा कॅडी म्हणून तिची बॅग तिच्या आईच्या खांद्यावर होती. आईबापांना या खेळात ही जागा आहे आणि ती लहान नाही. कॅडी वारा सांगतो, अंतर सांगतो, 'सात नंबरची काठी नको, सहाची घे' म्हणतो. खेळणारीनं मान हलवली आणि सातच मागितली, तर तो बॅगेतून सात काढून देतो.

राहिला प्रश्न प्रशिक्षकांचा. त्यांना तुम्ही फोन करू नका. ते तिचे प्रशिक्षक आहेत, तिचा निर्णय तिच्याच तोंडून त्यांनी ऐकू दे, आणि तुम्ही तेव्हा खोलीत नसलात तर उत्तम. क्लबातल्या लोकांचं मात्र तुम्ही बघा. पुढच्या वेळी कुणी विचारलं, 'काय, प्रो कधी होणार?' तर तिची पुढची स्पर्धा कधी आणि कुठे आहे ते सांगा, आणि बघायला या म्हणा.